सगळा खेळ पाइपचा!

‘‘अरे, या वर्षी आमच्या कुरडयांना सागवानाचा फ्लेवर आलाय बरं का!’’

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की हसूनच बोलतात, पण मुद्द्याचं बोलतात. त्यांच्या टेरेसवर वाळवण, त्यावर माझी बाल्कनी आणि बाल्कनीत माझं वीकेन्ड वर्कशॉप. २०२०च्या लॉकडाउनमध्ये मीटिंग म्यूट करून एक स्टूल करायला घेतलं होतं. ते स्टूल अजूनही डुगडुगतं, पण नाद लागला तो लागलाच. आता जिगसॉ आहे, सँडर आहे आणि त्यांचा भुसा ओढायला एक दणकट वेट-ॲण्ड-ड्राय व्हॅक्यूमही आहे.

तरीही भुसा कुरडयांवर? बॉस, काहीतरी गंडलं होतं.

काकूंचं प्रकरण एका ‘सॉरी’वर मिटलंही असतं. पण त्याच आठवड्यात बाबा राहायला आले होते. बाबांना दमा आहे. रविवारी मी दोन तास बुकशेल्फच्या फळ्या घासत बसलो, बाल्कनीचं दार लावून, व्हॅक्यूम चालू ठेवून. संध्याकाळी बाबा काही बोलले नाहीत. नुसते उठले, पंपाचे दोन पफ घेतले आणि ते दार पुन्हा एकदा घट्ट लावून आले. तेव्हा जे वाटलं ना, ते कुठल्याही अप्रेजलमध्ये वाटलं नव्हतं.

मग काय, इंजिनीअरच तो! आधी मशीनला शिव्या. फिल्टर झटकला, बॅग बदलली, त्याहून मोठा व्हॅक्यूम ऑनलाइन कार्टमध्येही टाकला. तेवढ्यात किचनच्या ट्रॉल्या बसवायला मिस्त्रीकाका आले. त्यांनी पाइपच्या तोंडाशी हात धरला. मग पाइप काढून थेट मशीनच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाले, ‘‘दादा, मशीन बैलासारखं ओढतंय. गळा तुमच्या पाइपनं दाबलाय.’’

खरंच होतं. मशीनसोबतचा पाइप आखूड पडतो म्हणून मी सहा मीटरचा, बारीक, स्प्रिंगसारखा ताणला जाणारा पाइप आणला होता. सगळ्यात स्वस्त दिसला, तोच. मशीन घेताना आठ रिव्ह्यू वाचले होते. पाइप घेताना एकही नाही!

दिसतो तो भुसा, दिसत नाही ती धूळ

आधी एक गोष्ट क्लिअर करू. जमिनीवर पडतो तो भुसा त्रासदायक असतो, पण झाडूनं निघतो. खरी भानगड आहे ती दिसत नाही त्या धुळीची. सँडर चालला की अगदी बारीक कण उडतात. त्यातले १० मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात उतरू शकतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. हे कण खाली बसायला बराच वेळ लावतात. तुम्ही मशीन बंद करून चहा प्यायला बसता, तेव्हाही ते हवेतच असतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, १९९५ मध्ये लाकडाची धूळ ‘गट १’मध्ये टाकली. म्हणजे तिच्यामुळे माणसाला कॅन्सर होऊ शकतो, हे पुरेशा पुराव्यानं सिद्ध झालेलं. हा पुरावा मुख्यतः वर्षानुवर्षं या धुळीत काम करणाऱ्या कामगारांचा आहे, त्यामुळे महिन्यातून दोन रविवार फळी घासणाऱ्यानं घाबरून जायचं कारण नाही. पण सर्दी, शिंका, खाज, दमा यांना इतकी वर्षं लागत नाहीत. त्यात एमडीएफ असेल तर धूळ अजूनच बारीक, वर फॉर्माल्डिहाइडचं रेझिन फुकट.

ही धूळ पकडायची एकच चांगली जागा आहे, ती जिथे तयार होते ती. आणि तिथपर्यंत मशीनची ताकद पोचवतो तो पाइप.

साइझ डझ मॅटर!

पाइपचा व्यास दुप्पट केला, म्हणजे २५ मिलिमीटरचा ५० केला, तर आतली जागा चौपट होते. आणि तेवढीच हवा ओढताना होणारा अडथळा? साधारण बत्तीसपट कमी! एक्स्प्रेस-वेवरच्या दहा लेन आणि गल्लीतली एक लेन, एवढा फरक.

मग सरळ सर्वांत जाडा पाइप घ्यायचा का? नाही, इथेच गंमत आहे. लाकडाचा भुसा पाइपमधून न साचता जायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर तरी लागतो. तेवढा वेग ठेवायला ३६ मिलिमीटरच्या पाइपमधून सेकंदाला सुमारे २० लिटर हवा पुरते. ५० मिलिमीटरला सुमारे ३९ लिटर. १०० मिलिमीटरला सुमारे १५७ लिटर! एवढी हवा आपल्या व्हॅक्यूमच्या बापाच्यानंही ओढली जाणार नाही. मग वेग पडतो, भुसा वाटेतच बसकण मारतो.

म्हणून हिशेब सोपा ठेवा. सँडर, जिगसॉसारखं हातातलं मशीन असेल तर २७ ते ३६ मिलिमीटर. त्यातही मशीन पेलत असेल तर ३६. रंधा मशीन किंवा टेबल सॉ व्हॅक्यूमला जोडायचा असेल तर ५०च्या आसपास, कारण छिलके बारीक पाइपमध्ये अडकतात. आणि १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंची पाइप, हा मोठ्या डस्ट कलेक्टरसाठी. ते मशीन भरपूर हवा ओढतं, पण जोर कमी असतो. त्याला दोन इंची पाइप लावला तर त्याचंही माझ्या व्हॅक्यूमसारखंच होणार.

लांबी : लागेल तेवढीच

लांबी दुप्पट तर घर्षणही दुप्पट. बाल्कनीसाठी तीन-चार मीटर खूप झाले. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून घेतलेले जास्तीचे दोन मीटर रोज ओढ खातात. वेटोळं करून ठेवलेला पाइप म्हणजे आणखी वळणं, आणखी अडथळा. आणि ताणणारा पाइप तर नकोच. तो सँडरला मागे खेचत राहतो आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं.

आत बोट घाला

पाइप बाहेरून कसाही असो, आतून गुळगुळीत हवा. आत वळ्या असतील तर त्याच लांबीच्या गुळगुळीत पाइपपेक्षा घर्षण दोन-तीन पट होऊ शकतं, शिवाय वळ्यांत भुसा साचतो. दुकानात सरळ आत बोट फिरवा. दुकानदार बघेल विचित्र नजरेनं, बघू दे!

मग पाइप ‘यू’ आकारात वाकवा. वाकल्यावर चपटा झाला तर खाली ठेवा. वॉशिंग मशीनच्या आउटलेटचा पाइप स्वस्त असतो, पण तो पाणी बाहेर सोडण्यासाठी. आतून ओढ बसली की तो आक्रसतो. याउलट शेतीपंपाचा हिरवा सक्शन पाइप तुम्ही गावी बघितला असेल. तो मुळीच दबत नाही. पण जड आणि ताठर! एका जागी बसवलेल्या मशीनला ठीक, सँडरला बांधलात तर तुम्हीच पाइपमागे फिराल.

मटेरियलचं म्हणाल तर ईव्हीए हलका आणि लवचिक, हातातल्या मशीनसाठी मस्त. पीव्हीसी स्वस्त, पण थंडीत कडक होतो. पॉलियुरेथेन महाग, पण घासून लवकर झिजत नाही.

चटके बसतात का?

डिसेंबरच्या कोरड्या हवेत व्हॅक्यूम चालवताना पाइपला हात लागला की ‘चट्’ होतं. धूळ प्लास्टिकला घासून स्थिर वीज तयार होते. जिवाला धोका नाही, पण हातात चालू मशीन असताना दचकणं चांगलं नव्हे. शिवाय धूळ पाइपला चिकटून बसते. यासाठी अँटिस्टॅटिक पाइप मिळतो. मात्र नुसता काळा रंग म्हणजे अँटिस्टॅटिक नव्हे, तसं लिहिलेलं बघा. आणि ती वीज शेवटी अर्थिंगमध्ये जायला हवी. व्हॅक्यूमचा प्लगच दोन पिनांचा असेल, तर जास्तीचे पैसे देण्याआधी विचार करा.

जोडावरच सगळं अडतं

आता सर्वांत वैतागवाणा प्रकार. ३५ मिलिमीटरचा पाइप आणि ३५ मिलिमीटरचं तोंड एकमेकांत बसेलच असं नाही! कुणी आतला व्यास सांगतं, कुणी बाहेरचा. त्यामुळे दुकानात जाताना व्हर्नियर कॅलिपरनं मापं घ्या. जमलं तर जुना पाइप आणि मशीनचं तोंड पिशवीत घालूनच न्या. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला चक्कर मारा. मुंबईकरांसाठी नागदेवी स्ट्रीट आहेच. तिथे रबराचे रिड्यूसर आणि होज क्लिप बघायला मिळतील. जोड थोडा सैल राहिला तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. थोडा घट्ट असेल तर प्लास्टिकचं टोक हेअर ड्रायरनं गरम करा. (बायकोला विचारून!) जोडातून हवा शिरली, तर उरलेला सगळा हिशेब पाण्यात.

आमच्याकडे काय झालं?

मी साडेतीन मीटरचा, ३६ मिलिमीटरचा, आतून गुळगुळीत पाइप आणला. मशीन तेच, फिल्टर तोच. पुढच्या रविवारी काळ्या टेबलावर सँडर फिरवला, मग टॉर्च तिरपा धरून बघितलं. पहिल्यांदाच टेबल काळं दिसलं. कार्टमधला मोठा व्हॅक्यूम डिलीट! एन-९५ मास्क मात्र अजूनही लावतो, कारण कुठलाच पाइप शंभर टक्के धूळ ओढत नाही. आणि बाबा घरी असले की घासायचं काम करत नाही. पाइपवर भरवसा आहे, पण एवढा नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे सुतारकाम करतो? पण नवीन फ्लॅटचं इंटिरिअर तर करता ना? तेव्हा तुमच्या बंद खोलीत महिनाभर प्लाय कापणारे मिस्त्री नाकाला रुमाल बांधून उभे असतात. आमच्या मिस्त्रीकाकांची या धंद्यात तीस वर्षं गेली. बोलता बोलता मध्येच खोकतात. ‘‘सवय आहे,’’ म्हणतात. आयएआरसीनं ज्यांच्यामुळे इशारा दिला, ती ही माणसं. सनमायकाचा शेड निवडायला आपण तीन शनिवार घालवतो. कॉन्ट्रॅक्टरला एक प्रश्न विचारायला काय जातं? ‘‘कटरला व्हॅक्यूम लावणार ना? आणि पाइप कुठला?’’

ट्रॉल्या बसवून झाल्यावर मिस्त्रीकाकांना मास्कचं एक पाकीट दिलं, सोबत त्यांच्या कटरला बसेल असा चार मीटर पाइप. त्यांनी आधी आत बोट फिरवलं, मग वाकवून बघितला. ‘‘चालंल,’’ म्हणाले. यापेक्षा मोठा रिव्ह्यू मी वाचलेला नाही.

आणि हो, परवा काकूंनी तळलेल्या कुरडया पाठवल्या. एकदम ओरिजिनल फ्लेवर!