दोन्ही पार्ट चांगले, तरी कॉम्प्युटर गोठतो

नेदरलँड्समधल्या बऱ्याच मराठी घरांत हल्ली मुलांना लॅपटॉपपेक्षा सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर हवा असतो. गेमिंग हे एक कारण आहेच, शिवाय थ्रीडी डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग आणि आता एआयची छोटी मॉडेल्स घरीच चालवून बघायची हौस. भाग ऑनलाइन मागवले की एक-दोन दिवसांत दारात येतात आणि रविवारी बाप-लेक मिळून जोडतात. मग काही घरांत तक्रार सुरू होते. चित्र मध्येच थांबतं, माऊस हलत नाही, स्पीकरमधून एकच आवाज घर्र करत राहतो. पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय इलाज उरत नाही.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर असल्यामुळे असं झालं की ओळखीतले लोक मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला: "कोणता पार्ट खराब आहे?" माझा अनुभव असा की पुष्कळदा मदरबोर्डही चांगला असतो आणि ग्राफिक्स कार्डही, फक्त त्या दोघांचं एकमेकांशी पटत नसतं. आणि या न पटण्याची जबाबदारी घ्यायला बाजारात कुणी पुढे येत नाही. माझी खरी तक्रार ती आहे.

आधी हे न पटणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मदरबोर्ड आणि कार्ड पीसीआय एक्सप्रेस नावाच्या मार्गाने बोलतात. या मार्गाच्या पिढ्या आहेत आणि तिसरीपासून पाचवीपर्यंत प्रत्येक पिढीत वेग दुप्पट झाला. कॉम्प्युटर सुरू होताना दोघं मिळून वेग ठरवतात. ठरलेला वेग मधली केबल किंवा स्लॉट पेलू शकला नाही, तर चुका होऊ लागतात. कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही तर विंडोज साधारण दोन सेकंद वाट बघते, मग ड्रायव्हर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करते. तोही फसला की मशीन गोठतं. विंडोजच्या नोंदवहीत मग 'कर्नल पॉवर ४१' अशी ओळ दिसते. ती फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण सांगत नाही.

ओळखीतल्या एका घरात हेच झालं. बोर्ड विक्रेत्याकडे परत गेला आणि "आमच्याकडे व्यवस्थित चालतो" म्हणून परत आला. कार्डही तसंच फिरून आलं. यात सहा आठवडे गेले, मुलाचं प्रोजेक्ट रखडलं आणि घरात नवं कार्ड घ्यायची बोलणी सुरू झाली. शेवटी दोष निघाला कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एका जोडकेबलचा. ती तिसऱ्या पिढीची, कार्ड चौथ्या पिढीचं. बायॉसमध्ये त्या स्लॉटचा वेग 'ऑटो'वरून 'जेन ३' केला आणि गोठणं थांबलं. खर्च शून्य. वेगात जो फरक पडला तो मुलाला जाणवलाही नाही.

हे फक्त घरगुती जोडणीत होतं असंही नाही. मे २०२५ मध्ये एनव्हिडियाला आरटीएक्स ५०६० मालिकेतल्या कार्डांसाठी फर्मवेअर सुधारणा द्यावी लागली, कारण काही मदरबोर्डांवर रीस्टार्ट केल्यावर पडदा काळाच राहत होता. २०२४ मधलं प्रकरण तर याहून मोठं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर गेम बंद पडायचे आणि संदेश यायचा की व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. एनव्हिडियाने सांगितलं, इंटेलकडे जा. मग मदरबोर्ड कंपन्यांनी ठेवलेल्या वीजपुरवठ्याच्या सेटिंग्जवर बोट ठेवलं गेलं. जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं की त्यांच्याच मायक्रोकोडमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण तोवर ज्यांनी स्वतःच्या पैशाने कार्ड किंवा बोर्ड बदलून पाहिला, त्यांचा खर्च कोण देणार?

इथला कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे, हे मान्यच. नेदरलँड्समध्ये वस्तूची जबाबदारी विकणाऱ्या दुकानाची असते. "कंपनीशी बोला" म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. एप्रिल २०२२ पासून तर पहिल्या वर्षात दोष दिसला की तो आधीपासून नव्हता हे दुकानालाच सिद्ध करावं लागतं. ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत परत करता येते. पण हा सगळा विचार एकेका वस्तूचा आहे. तीन दुकानांतून भाग आणले की तिन्ही दुकानं आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये ग्राहक अडकतो. युरोपचा नवा दुरुस्ती-हक्काचा कायदा ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. त्याच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, मोबाइल, अगदी सर्व्हरसुद्धा आहेत, पण घरचा डेस्कटॉप सध्या नाही.

अशा वेळी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली आठवते. तिथल्या चांगल्या दुकानात कॉम्प्युटर तुमच्यासमोर जोडून, चालवून दाखवतात. गडबड झाली तर मागच्या कपाटातून दुसरं कार्ड काढून लावून बघतात. त्यांची खरी सेवा म्हणजे ते कपाट. इथे भाग स्वस्त मिळेल, घरपोच मिळेल, पण लावून बघायला दुसरा भाग कुणाकडे नसतो.

म्हणूनच गावाकडून भाच्याने "येताना एक ग्राफिक्स कार्ड घेऊन ये" म्हटलं, तर जरा विचार करा. इथे २१ टक्के व्हॅट, तिकडे १८ टक्के जीएसटी, आणि इथे राहणाऱ्याला तो व्हॅट परत मिळत नाही. वर सांगलीच्या मदरबोर्डशी त्या कार्डाचं पटलं नाही, तर दुकानदार समुद्रापार!

कॉम्प्युटर गोठत असेल तर नवं काही विकत घेण्याआधी एवढं करा. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून दोन दिवस त्यावर चालवा. गोठणं थांबलं तर शोध कार्ड, स्लॉट, केबल आणि वीजपुरवठा इथवर आला. मग मदरबोर्डचं बायॉस अद्ययावत करा, आणि ते चालू असताना वीज जाऊ देऊ नका. कार्डाला दोन पॉवर जोड असतील तर दोन वेगळ्या केबल वापरा. रॅमचा वाढवलेला वेग मूळ सेटिंगवर आणा. स्लॉटचा वेग एक पिढी खाली घ्या. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल तारीख-वेळ घालून वहीत लिहा. दुकानदाराशी बोलताना ती वही वॉरंटी कार्डाइतकीच कामाला येते. आणि शक्यतो बोर्ड, कार्ड, पॉवर सप्लाय एकाच दुकानातून, एकाच बिलावर घ्या.

मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला रिपेअर कॅफे भरवला. शेजारीपाजारी एकत्र येऊन बंद पडलेल्या वस्तू दुरुस्त करायच्या, ही कल्पना पुढे जगभर गेली. आपल्या इथल्या मराठी मंडळांनी त्यात एका पेटीची भर घालावी: एक जुनं पण चालू ग्राफिक्स कार्ड, एक पॉवर सप्लाय, रॅमच्या दोन पट्ट्या. आयंडहोवन, ॲमस्टेलवेन भागात आपल्यापैकी किती जण याच क्षेत्रात आहेत! घराघरांतल्या खणांत हे भाग पडूनच असतात. गणपतीला किंवा दिवाळीला जमतो तेव्हा कुणीतरी यादी करावी आणि पेटी कुणाच्या घरी राहील ते ठरवावं. माझ्याकडचं एक जुनं कार्ड मी द्यायला तयार आहे.