पनवेलकरांनो, माळ्यावरचा सीपीयू भंगारात देऊ नका

जुन्या पनवेलच्या लाईन आळीपासून खांदा कॉलनी, नवीन पनवेल, कामोठ्यापर्यंत सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. तुमच्या घरात १९९८ ते २०१०च्या काळातला कॉम्प्युटर पडून असेल, तर तो सुरू होत असो वा नसो, आत्ता कुणालाही देऊ नका. एक्स्चेंजमध्ये देऊ नका, भंगारवाल्याला देऊ नका, ओळखीच्या मुलाला सुटे भाग काढायलाही देऊ नका. निदान त्याची हार्ड डिस्क तरी आधी काढून ठेवा.

घाई एवढ्यासाठी की विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, आणि ज्यांनी घरगुती वापरासाठी वाढीव मुदत घेतली त्यांचीही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते आहे. घरोघरी नवीन मशीन येतंय. नवीन आलं की जुनं निघतं, आणि त्याच फेरीत माळ्यावरचं त्याहून जुनंही खाली येतं. त्या पत्र्याच्या डब्यात काय आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आम्हालाही नव्हतं.

माझा दादा १९९९मध्ये अमेरिकेला गेला. आयएसडी महाग, म्हणून तो आमच्या वडिलांना, अण्णांना, ईमेल करायचा, रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी. पहिला बर्फ, पहिला पगार, वहिनीचं बाळंतपण, सगळं त्यात. अण्णा ती पत्रं आउटलुक एक्स्प्रेस या मेलच्या प्रोग्रॅममध्ये वाचायचे आणि पुन्हा पुन्हा वाचायचे. पुढे पाच वर्षांनी नवीन कॉम्प्युटर घेतला. दुकानदाराने जुना परत घेतला आणि म्हणाला, मेल काय, इंटरनेटवर असतातच. अण्णांनी नव्या मशीनवर इनबॉक्स उघडला तेव्हा त्यात एकही पत्र नव्हतं. दादाकडेही त्याच्या बाजूची प्रत उरलेली नव्हती. अण्णा आता नाहीत. त्या पाच वर्षांचा आमच्याकडे एक कागदही नाही.

दुकानदाराचं म्हणणं आजच्या जीमेलला लागू पडतं, तेव्हाच्या मेलला पडत नव्हतं. देशात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतरची कितीतरी वर्षं घरचा मेल पीओपी पद्धतीने यायचा. म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून पत्र तुमच्या कॉम्प्युटरवर उतरायचं, आणि वेगळी सोय करून ठेवली नसेल तर सर्व्हरवरून पुसलं जायचं. पोस्टमन पाकीट हातात देऊन जातो तसंच ते. तुमच्याकडे आलेल्या त्या पत्राची एकच प्रत, आणि ती तुमच्या डिस्कवर.

नवीन मशीनवर ही पत्रं वाचायची म्हणून लोक आउटलुक एक्स्प्रेसचं आयकॉन पेनड्राइव्हवर घेऊन येतात. ते चालत नाही, कारण विंडोज व्हिस्टापासून तो प्रोग्रॅम विंडोजमध्ये नाहीच. विंडोज ११वर आउटलुक नाव दिसतं, पण तो वेगळा प्रोग्रॅम आहे आणि पत्रं साठवलेल्या जुन्या डीबीएक्स फायली त्याला उघडता येत नाहीत. मग कुणीतरी अनोळखी साइटवरून जुना प्रोग्रॅम उतरवून घेतो आणि त्याबरोबर व्हायरसही घरात आणतो. असं कृपा करून करू नका. आणि विंडोज एक्सपीवरचा जुना प्रोग्रॅम आज इंटरनेटला जोडून पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. पासवर्ड बरोबर असूनही तो चूक दाखवेल, कारण आजचे सर्व्हर मागतात ती सुरक्षित जोडणी त्याला करता येत नाही. जुना प्रोग्रॅम जिवंत करण्याचा हट्ट सोडा, त्यातली पत्रं बाहेर काढा.

मशीन सुरू होत असेल तर इंटरनेटची वायर न लावता आउटलुक एक्स्प्रेस उघडा. फोल्डर कॉम्पॅक्ट करायचे का असं विचारलं तर नाही म्हणा, त्या वेळी वीज गेली तर आख्खा फोल्डर हातचा जाऊ शकतो. रिकामा फोल्डर डेस्कटॉपवर करा, इनबॉक्समध्ये कंट्रोल-ए दाबून सगळी पत्रं निवडा आणि ओढून त्यात टाका. प्रत्येक पत्राची ईएमएल नावाची सुटी फाइल तयार होते. पाठवलेल्या पत्रांचंही तसंच करा, आईवडिलांनी लिहिलेलं त्यातच असतं. नव्या मशीनवर थंडरबर्ड हा मोफत प्रोग्रॅम टाकला की या फायली उघडतात.

मशीन सुरूच होत नसेल तरी धीर सोडू नका. मदरबोर्ड गेला म्हणजे डिस्क गेली असं नसतं. डबा उघडून चार स्क्रू काढले की डिस्क हातात येते. तिला यूएसबीला जोडणारी केबल मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. मागे रुंद चपटी पट्टी लागत असेल तर आयडीई, बारीक लागत असेल तर साटा, एवढं दुकानात सांगा. केबल स्वतःच्या पॉवर अडॅप्टरसकट घ्या, कारण साडेतीन इंची डिस्कला लागणारे १२ व्होल्ट साध्या यूएसबीतून मिळत नाहीत. डिस्क जोडल्यावर विंडोज कधीकधी ती फॉरमॅट करायची का असं विचारतं. तिथे कॅन्सल दाबा. पुन्हा सांगते, कॅन्सल. त्या एका क्लिकने लोकांनी आयुष्याची पत्रं घालवली आहेत.

लपवलेले फोल्डर दिसतील अशी सोय चालू करा. मग एक्सपीच्या डिस्कवर डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, लोकल सेटिंग्ज, ॲप्लिकेशन डेटा आणि आयडेंटिटीज असं आत जा. परवानगी नाही असं आलं तर कंटिन्यू म्हणा. आतला आउटलुक एक्स्प्रेसचा फोल्डर जसाच्या तसा दोन ठिकाणी कॉपी करा. त्या डीबीएक्स फायलींतून पत्रं सुटी करायला अनडीबीएक्स नावाचं मोफत साधन आहे, पण ते सावकाश करा. आज घाई आहे ती कॉपीची.

ज्यांच्याकडे युडोरा हा मेलचा प्रोग्रॅम होता त्यांच्यासाठी एक खाचखळगा. युडोरा पत्रं स्वतःच्याच फोल्डरमध्ये, प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवायचा. व्हिस्टापासून विंडोज तिथे लिहू देत नाही, गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या दुसऱ्याच जागी लिहितं. म्हणून नेहमीचा फोल्डर कॉपी केला की नंतरच्या काळातली पत्रं नसतात, आणि माणूस समजतो की ती हरवली. ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर इथे जरूर बघा.

मराठीत टाइप केलेली पत्रं, कविता, कुलवृत्तांत नव्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडतील. फाइल बिघडली म्हणून ती उडवू नका. श्रीलिपी किंवा योगेश, सुरेख यांसारख्या फॉन्टांत अक्षरं युनिकोडच्या पद्धतीने साठवलेली नव्हती, एवढंच. जुन्या डिस्कवरच्या विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डरही सोबत उचला, म्हणजे मजकूर वाचता येईल आणि पुढे युनिकोडमध्ये बदलताही येईल.

 

हे करताना ‘तुमचं विंडोज कालबाह्य झालंय, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी स्क्रीनवर आली तर फोन करू नका. विंडोज अशी पाटी दाखवून फोन करायला सांगत नाही. समोरचा माणूस मशीन दुरून हातात घेतो आणि बँकेचं खातं रिकामं करतो. फसलात तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पैसे अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

आणि पावसाळ्याची वाट पाहू नका. आपल्या हवेत सीडीवर बुरशी येते, डिस्कच्या पिनांना गंज धरतो. २६ जुलै २००५च्या पुरात तळमजल्यावर काय काय भिजलं ते जुन्या पनवेलकरांना मी सांगायला नको.

एक मागणं सोसायट्यांच्या कमिटीकडेही. प्रत्येक घराने केबल विकत घ्यायची गरज नाही. सोसायटीने आयडीई आणि साटा दोन्ही चालणारी एक केबल अडॅप्टरसकट आणून ऑफिसच्या कपाटात ठेवावी, शिडी आणि ड्रिल मशीन ठेवतो तशी. वहीत नाव लिहून दोन दिवसांसाठी न्यायची. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आपल्या मजल्यावरच्या आजीआजोबांना एक रविवार द्यावा, डिस्क काढून जोडून द्यावी. पत्रं मात्र वाचू नयेत, ती त्यांना वाचू द्यावीत. येत्या महिन्याच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या.