पार्टाचे पैसे देतो, निदानाचे का देत नाही?



आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण शेवटी ती पिकावरच येणार आहे, म्हणून जरा दमानं वाचा.

आमच्याकडं १९९४ मॉडेलची एमएम ५४० जीप आहे, फोर व्हील. २००९ साली जुनीच घेतली. आमचं निम्मं रान ओढ्यापलीकडं. पावसाळ्यात तिकडं रोपं, खताची पोती, वैरण हिच्यावरच. एकदा रात्री शेजारची बाळंतीण पण हिनंच दवाखान्यात पोचवली. त्यामुळं ‘भंगारात घाला’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

गेल्या डिसेंबरात गाडी उचलताना खालनं ‘टक्’ असा आवाज यायला लागला. रिव्हर्समधनं पुढं घेताना जास्त. गावातल्या फिटरनं मागच्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले. टक् गेलं. पण पुढच्याच आठवड्यात दुसरं दुखणं सुरू झालं. ताशी ४५ च्या वर गाडी गेली की सीटखाली घूंऽऽ करून घुमायला लागायची आणि फळी थरथरायची.

तालुक्याच्या गॅरेजला नेली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, क्राउन-पिनियन गेलं. बेअरिंग, सील, मजुरी धरून २२ हजार. माझ्याकडं तेवढेच पैसे होते, पण ते सुरू उसाच्या लागणीचे, बेणं आणि खताचे. दोन दिवस झोप नाही. गाडी नसली तर बेणं ओढ्यापलीकडं न्यायचं कसं, आणि गाडी केली तर बेणं आणायचं कशानं?

तिसऱ्या दिवशी गावातले एक मामा आले. एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेले, वय सत्तरच्या पुढं. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, “आवाज कवापासनं?”

मी म्हटलं, “क्रॉस बदलल्यापासनं.”

“हे गॅरेजवाल्याला सांगितलंस का?”

नव्हतं सांगितलं. मी फक्त ‘मागनं आवाज येतोय’ एवढंच बोललो होतो.

मग मामा शेजारी बसले. मोकळा सपाट रस्ता बघून गाडी ५० ला न्यायला लावली. ॲक्सिलरेटर सोडला, घूं तसाच. परत दाबला, तसाच. न्यूट्रल केली, इंजिन मंद झालं, तरी तसाच. वेग ४० च्या खाली आला तसा आवाज आपोआप विरला. मग गाडी जरा डावीकडं, जरा उजवीकडं झुलवायला सांगितली. फरक नाही. डांबरावरनं मातीच्या साइडपट्टीवर घेतली. थरथर तीच. (न्यूट्रलची परीक्षा घाटात किंवा उतारावर कुणी करू नका.)

मामा म्हणाले, “क्राउन-पिनियन न्हाई. त्याचा आवाज दाबल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरा येतो. चाकाचं बेअरिंग असतं तर झुलवल्यावर आवाज कमीजास्त झाला असता. टायर असता तर रस्ता बदलल्यावर सूर बदलला असता. आता शाफ्ट बघू.”

घरी येऊन खाली बघितलं. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस ज्यात बसतो ते कान, एका रेषेत नव्हते. एक आडवा तर दुसरा तिरका. क्रॉस बदलताना सरकत्या जोडाचे दोन भाग वेगळे झाले होते आणि परत बसवताना खाचा चुकल्या होत्या.

हे असं का घुमतं ते मला त्या दिवशी कळलं. शाफ्ट कोनात फिरतो तेव्हा एक क्रॉस सारखा वेग देत नाही. एका फेऱ्यात दोनदा जरा जोरात, दोनदा जरा हळू फिरवतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढंच उलटं करून हा धक्का पुसून टाकतो. पण दोन्ही योक एका रेषेत असले तरच. नाहीतर दोन धक्के एकमेकांत मिसळतात आणि वेग वाढला की गाडी घुमते. म्हणून शाफ्ट सोडवायच्या आधी दोन्ही भागांवर छिन्नीनं किंवा रंगानं खूण करायची. बऱ्याच शाफ्टवर कंपनीचेच बाण असतात, चिखल खरवडला की दिसतात.

खाचा जुळवल्या, ग्रीस मारलं, पाट्याच्या यू-बोल्टचं एक नट ढिलं होतं ते आवळलं. दोन तासांत काम झालं. एकही पार्ट लागला नाही. गाडी ६० ला नेली, गप्प.

आता खरी गोष्ट इथं आहे. मी मामांच्या हातात ५०० रुपये ठेवले. ते म्हणाले, “पैसे कशाचे? मी पार्ट कुठं घातलाय लेका?”

मंडळी, हे वाक्य मला अजून टोचतंय. ज्या माणसानं माझे २२ हजार वाचवले, त्यालाच वाटतंय की पार्ट नाही घातला म्हणजे पैसे घेण्यासारखं काम झालं नाही. ही सवय आपणच लावली. गॅरेजवाला अर्धा दिवस गाडीखाली पडून नेमकं कारण शोधेल आणि म्हणेल, ‘नट ढिलं होतं’, तर आपण त्याला चहा पाजून परत पाठवतो. तोच दहा मिनिटांत ‘डिफरन्शियल गेलं’ म्हणाला तर हजारो रुपये मोजतो. मग त्यानं शोधायचं कशाला? मी तालुक्याच्या गॅरेजवाल्याला लुच्चा म्हणत नाही. मी त्याला पूर्ण माहिती दिली नाही आणि तपासणीचे पैसे देईन असंही म्हटलं नाही. ज्याचे पैसे मिळतात तेच त्यानं सांगितलं.

शेतात पण आपण हेच करतो. ऊस पिवळा पडला की दुकानात जातो आणि विचारतो, ‘काय मारू?’ सल्ला फुकट असतो, म्हणून दुकानदाराला बाटली विकावी लागते. खालच्या पट्ट्यातल्या चुनखडीच्या रानात कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर तो लोहाचा केवडा. तिथं युरियाची पोती ओतून उपयोग नाही. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडं बघायचं. दोन्हीकडं पिवळंच दिसतं, पण कारण वेगळं आणि खर्चही वेगळा. गाडीचं घूं तसंच आहे. आवाज म्हणजे लक्षण, रोग नव्हे.

माझं म्हणणं एवढंच नाही की मिस्त्रीला पैसे द्या. आपण पण आपलं काम करून जायचं. जुन्या फोर व्हीलसाठी मी माझ्या वहीत लिहिलेलं इथं देतो.

१. आवाज कधीपासून, आणि त्याच्या आधी गाडीला काय काम केलं होतं? हे सगळ्यात आधी सांगा.

२. उचलताना किंवा पुढं-मागं करताना टक् येतो का? क्रॉस, शाफ्टच्या खाचा, यू-बोल्ट, गिअरबॉक्सचं फाउंडेशन बघा. हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव येत असेल तर क्रॉस कोरडा पडलाय. ग्रीसगन मारून बघा, तरी गेली नाही तर तो लगेच बदला. क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यात रुतलं तर गाडी उलटू शकते.

३. फोर व्हील डांबरावर टाकून चालवली होती का? या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये वेग वाटून द्यायला मधलं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, शाफ्ट मात्र एकाच वेगानं फिरतात. मग पीळ बसतो, गाडी अडखळते, टकटक करते आणि लिव्हर निघत नाही. ही मोडतोड नाही. थोडं रिव्हर्स घ्या, मातीवर उतरवा, पीळ सुटतो. पुढं नवे आणि मागं झिजलेले टायर असले तरी असाच पीळ बसतो. फोर व्हील ट्रॅक्टरवाल्यांना हे नवीन नाही.

४. ऑइल बघा. डिफरन्शियलचा बाजूचा बोल्ट काढून बोट घाला. ऑइल बोल्टाच्या खालच्या काठापर्यंत हवं. चकाकी दिसली तर लोखंड झिजतंय. ताकासारखं पांढरं असेल तर पाणी शिरलंय. ओढ्यातनं जाणाऱ्यांनी एक्सलवरचा ब्रीदर साफ ठेवा. तो चिखलानं बुजला आणि तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधनं पाणी ओढून घेते.

५. ट्रान्सफर केसची थोडी घरघर जुन्या जीपला जन्मापासनंच असते, गिअरवर गिअर फिरतात तिथं. ती वाढली तरच काळजी करायची.

आणि एक जिवाची गोष्ट. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकाला नसतो, ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर असतो. अशा गाडीचा मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असला तरी गाडी मोकळी. गिअरमध्ये ठेवूनही मागची चाकं अडत नाहीत. मागचं एक चाक जॅकवर उचललं तरी तो हँडब्रेक भरवशाचा राहत नाही. जागा सपाट बघा, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. त्या दिवशी माझा पोरगा शाफ्ट सोडायला थेट खाली घुसत होता. मामांनी त्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि आधी दगड आणायला लावले.

कुणी म्हणेल, तपासणीचे पैसे घेऊनही चुकीचं सांगितलं तर? चुकेल की. डॉक्टर पण चुकतो. पण कारण विचारायचा आपला हक्क राहतो. ‘क्राउन-पिनियन गेलं’ म्हणाला तर विचारा, कशावरनं? आवाज दाबल्यावर येतो की सोडल्यावर? ऑइलमध्ये लोखंड दिसलं का? पिनियनला हलवून किती प्ले आहे? कव्हर खोलून दातांना रंग लावून छाप बघितली का? एवढं करून तो ‘गेलंय’ म्हणाला तर मात्र चालढकल करू नका. दोन्ही गिअर जोडीनंच बदला आणि शिम लावून खेळ नीट बसवून घ्या. पिनियनचं बेअरिंग जॅम झालं तर चालत्या गाडीची मागची चाकं अडतात. तिथं पैसे वाचवणं महागात पडतं.

मी आता गॅरेजला गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “तपासणीचे वेगळे पैसे देतो, पार्ट लागो न लागो. पण कारण दाखवून द्यायचं.” सुरुवातीला हसले. आता मला बघितलं की कापडावर झोपून आधी बॅटरी मारून बघतात. कृषी सल्लागाराला पण मी रानात बोलावून फी देतो, आणि बाटली घ्यायची की नाही ते नंतर ठरवतो.

मामांनी ५०० घेतले नाहीत ते नाहीतच. शेवटी लागणीच्या दिवशी त्यांच्या घरी एक पोतं तांदूळ टाकून आलो. ‘हे कशाचे?’ म्हणाले. म्हटलं, “तुम्ही विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे.”

तुमच्याकडं कुणाचा आवाज असा सापडला असेल तर लिहा. कधीपासून, किती वेगाला आणि शेवटी काय निघालं, ही तीन माहिती द्या. दुसऱ्याचे पैसे वाचतील.