घंटा वाजली, पण कोणापर्यंत पोहोचली?

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी हाँगकाँगच्या ताय पो विभागातील वांग फुक कोर्ट या वसाहतीत आग लागली. आठपैकी सात उंच इमारती तिच्या भक्ष्यस्थानी पडल्या आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. वसाहतीत वृद्धांची संख्या मोठी होती. आठही इमारतींतील धोक्याची घंटा नीट काम करीत नव्हती, असे तेथील अग्निशमन दलाने नंतर जाहीर केले. अनेकांना आग लागल्याचे कळले ते शेजाऱ्याने दार ठोठावले म्हणून किंवा खिडकीतून धूर दिसला म्हणून. पुढे दहाच दिवसांनी, ६ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास, गोव्यातील हडफडे येथील नाइट क्लबमध्ये २५ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक तेथे राबणारे कर्मचारी होते. छतावर ज्वाळा दिसू लागल्या तेव्हा संगीत आणि नृत्य चालूच होते, हे त्या रात्रीच्या चित्रफितींत साऱ्या देशाने पाहिले.

अशा घटनांनंतर परवाने, लाचखोरी, बेकायदा बांधकाम यांवर भरपूर लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. आमचा प्रश्न मात्र त्याहून लहान आहे. आत असलेल्या माणसाला आग लागली हे कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि ते त्याला कळले का?

या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. १ डिसेंबर १९५८ रोजी अमेरिकेतील शिकागो येथील 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' या धर्मग्रामीय शाळेत आग लागून ९२ मुले आणि त्यांना शिकवणाऱ्या ३ धर्मभगिनी मृत्युमुखी पडल्या. जिन्याच्या तळाशी पेटलेली आग बराच वेळ कोणाच्या लक्षात आली नाही. घंटा होती, परंतु तिचा अग्निशमन दलाशी संबंध जोडलेला नव्हता; ती फक्त शाळेपुरती वाजत असे. त्यातही ती वाजवण्याचा अधिकार मुख्याध्यापिकेचा, असा शिरस्ता होता. धूर दिसताच एक शिक्षिका मुख्याध्यापिकेच्या शोधात गेली, तेव्हा त्या दुसऱ्या एका वर्गावर शिकवत होत्या आणि कार्यालय रिकामे होते. घंटा वाजेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरील वर्गांचा वाट काढण्याचा मार्ग धुराने बंद केला होता. काही आठवड्यांपूर्वीच ही शाळा अग्निसुरक्षेच्या तपासणीत उत्तीर्ण झाली होती, हे विशेष. इमारत जुनी असल्यामुळे नवे नियम तिला लागू नव्हते. त्यानंतर अमेरिकेतील शाळांचे नियम बदलले. आपल्याकडील अनेक धर्मग्रामीय शाळाही जुन्याच इमारतींत भरतात, हे येथे नोंदवून ठेवतो.

यंत्रे नवी असली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. १५ एप्रिल २०१९ रोजी, पवित्र आठवड्यातील सोमवारी, पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये सायंकाळी सव्वासहानंतर लगेच यंत्राने इशारा दिला. आत मिस्सा चालू होती. लोकांना बाहेर काढण्यात आले. परंतु यंत्राच्या पडद्यावर उमटलेल्या संकेताचा अर्थ चुकीचा लावला गेला. सुरक्षारक्षक शेजारच्या साक्रिस्तीच्या माळ्यावर गेला, तेथे काहीच नव्हते. आग होती ती मुख्य छताच्या लाकडी सांगाड्यात. डोळ्यांनी खात्री करून घेतल्यावरच अग्निशमन दलाला बोलवायचे, अशी पद्धत असल्याने सुमारे अर्धा तास वाया गेला. प्राणहानी झाली नाही, ही देवाची कृपा. पण आठशे वर्षांचे छत गेले आणि ते मंदिर उपासनेसाठी पुन्हा खुले व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला.

तेव्हा इशारा देणाऱ्या उपकरणाचे काम केवळ आवाज करणे एवढेच नाही. ज्याच्यासाठी तो आवाज आहे, त्याच्यापर्यंत तो पोहोचला पाहिजे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जिन्यापाशी एक हूटर आणि काच फोडून दाबायचे लाल बटण बसवले की काम झाले असे मानले जाते. धर्मग्रामाच्या सभागृहात लग्नाचा बँड आणि ध्वनिक्षेपक चालू असताना तो हूटर कोणाला ऐकू येणार? जाणत्या ठिकाणी अशा सभागृहांत इशारा सुरू होताच ध्वनिक्षेपकाची वीज आपोआप तुटेल अशी जोडणी केलेली असते. झोपण्याच्या खोलीत उशाशी किमान ७५ डेसिबल आवाज पोहोचावा, असे मानक आहे. कॉरिडॉरमधील हूटर बंद दारापलीकडे तेवढा पोहोचतोच असे नाही. वाढत्या वयात उंच पट्टीचे आवाज प्रथम ऐकू येईनासे होतात आणि नेहमीचे हूटर नेमके त्याच पट्टीत किंचाळतात. म्हणून परदेशांत शयनगृहांसाठी ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज सुचवला जातो. आपल्या वृद्धाश्रमांत याचा विचार झालेला आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

आणि ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांचे काय? मूकबधिर बांधव आपल्या मिस्सेत आहेत, शाळांत आहेत, काही ठिकाणी वसतिगृहांतही आहेत. त्यांच्यासाठी हूटरबरोबर चमकणारा दिवा हवा. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानंतर सार्वजनिक इमारतींत ही सोय रुजली. आपल्या केंद्र शासनाच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतही ऐकू येणारी व दिसणारी अशी दोन्ही प्रकारची सूचना अपेक्षित आहे. हा दिवा कोठेही टांगून चालत नाही. सेकंदाला दोनपेक्षा अधिक वेळा तो लुकलुकू नये आणि एका खोलीतील सर्व दिवे एकाच वेळी लुकलुकावेत, अन्यथा फेफऱ्याचा विकार असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. तो स्वच्छतागृहातही हवा, कारण बधिर माणूस तेथे एकटा असतो आणि त्याला खूण करणारे कोणी नसते. झोपलेल्यासाठी दिवाही पुरेसा नाही. उशीखाली ठेवायचे थरथरणारे उपकरण मिळते, ते जोडावे लागते.

खर्च होईल, हे खरे. नव्या वेदीसाठी, रंगकामासाठी, सणाच्या रोषणाईसाठी देणगीदार पुढे येतात, कारण त्या देणगीचा फलक लागतो. हूटरवर कोणाच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ फलक लावलेला कोणी पाहिला आहे काय?

परंतु आपल्या भागाला आता अनभिज्ञ राहता येणार नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलच्या पहाटे आपल्या विरारमध्ये एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात लागलेल्या आगीत कोरोनाच्या किमान तेरा रुग्णांचा अंत झाला. स्वतः उठून चालू न शकणाऱ्या माणसांच्या बाबतीत इशाऱ्याचे प्रत्येक मिनिट त्यांना उचलून नेणाऱ्यांच्या उपयोगाचे असते. आपल्या ख्रिस्तसभेच्या संस्थांत असे परावलंबी जीव कितीतरी आहेत.

कायदा आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून तिचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावे लागते. ते पत्र फायलीत जाते. धर्मग्राम परिषदेच्या सभेत ते वाचून दाखवावे, अशी आमची सूचना आहे. त्याच सभेत विचारावे की इशारा वाजल्यावर अग्निशमन दलाला कोण कळवणार, रात्री ती जबाबदारी कोणाची आणि पॅनेलवरील आकड्याचा अर्थ साक्रिस्तान किंवा पहारेकऱ्याला ठाऊक आहे का. घंटा वाजवण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही, हेही त्याच सभेत ठरवून शिक्षक व कर्मचारी यांना लेखी कळवावे. पुढची रंगीत तालीम सभागृह भरलेले असताना, बँड वाजत असताना घ्यावी आणि तिच्यात एखाद्या मूकबधिर धर्मबांधवाला सहभागी करून त्याला कोठे काय दिसले नाही ते लिहून घ्यावे.