याचे काहीतरी करा!

गेल्या पाडव्याला सकाळीच पुण्याहून पुतण्या आला. आल्या आल्या त्याने दोन चकल्या उभ्याउभ्याच संपवल्या, तिसरी हातात घेतली आणि ओसरीच्या भिंतीकडे वळला. आमच्या वाईच्या घरातली ही भिंत म्हणजे माझ्या जलरंगांचे वाळवण! आडवी दोरी बांधलेली आहे आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी कागद टांगलेले असतात. काही वाळायचे म्हणून, आणि काही काढून ठेवायचा आळस म्हणून. पुतण्याने ती सगळी रांग नीट पाहिली, चकलीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि कळवळून म्हणाला,

"काका, अहो याचं काहीतरी करा!"

"कशाचं रे?"

"या चित्रांचं. चकल्यांचंसुद्धा. इतकं छान जमतंय तुम्हांला, आणि तुम्ही नुसतंच..."

ते 'नुसतंच' माझ्या जिव्हारी लागले. पोरगा गुणी आहे, त्याच्या मनात माया होती, म्हणून मी गप्प बसलो. मग त्याने एकेक योजना सांगितली. चित्रांचे प्रदर्शन भरवायचे. त्यांची शुभेच्छापत्रे छापायची. चकल्या तळताना कोणीतरी माझे चित्रीकरण करायचे आणि ते दर आठवड्याला जगाला दाखवायचे. चकल्यांच्या पाकिटांवर माझ्या मिशांसकट फोटो! सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी मान डोलावत राहिलो. आज संपादकांनी चार पाने दिली आहेत, तेव्हा वर्षभर पोटात ठेवलेले बोलून टाकतो.

मी त्याला विचारायला हवे होते: बाबा रे, चित्र काढले, ते वाळले, मी ते पाहिले. चकली तळली, ती तू खाल्लीस. आता आणखी काय करायचे राहिले?

'याचे काहीतरी करा' म्हणणाऱ्यांचा आपल्याकडे आता एक पंथच झाला आहे. आमच्या लहानपणी या पंथाचे पूर्वज होते. ते सरळ विचारीत, "याचा उपयोग काय?" त्यांना निदान तोंडावर उत्तर देता येई. आजचा पंथ गोड बोलतो. तो आधी तुमची स्तुती करतो, आणि मग त्या स्तुतीचे व्याज मागतो. शेजारच्या वहिनींनी विणलेला स्वेटर पाहिला, की "ऑर्डरी घ्या ना!" मुलगा बरा गुणगुणला, की "स्पर्धेला घाला त्याला!" आणि कोणाची पुरणपोळी मऊ झाली, की तिने उद्यापासून पाचशे पोळ्या लाटाव्यात अशी यांची इच्छा! ज्यांना त्यावर पोट भरायचे आहे त्यांनी ते खुशाल करावे. त्यात कमीपणा कसला? पण जे पोटासाठी नाही त्यालाही पोटाचा हिशेब का लावायचा?

आणि हिशेबच म्हणाल तर मी बँकेत आयुष्य काढलेले आहे. तिथे कसा पोचलो ते सांगतो.

१९६७ साली मी आठवीत होतो. घरी येणाऱ्या दिवाळी अंकांवरची दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे मी पाटीवर गिरवीत असे. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला मोठ्या उमेदीने बसलो. वस्तुचित्राला तांब्या ठेवला होता. माझ्या तांब्याची डावी बाजू जरा फुगली. तांब्या गालगुंड झाल्यासारखा दिसू लागला. मी नापास झालो. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "तुझ्या हातात कला नाही. तू आपला गणिताकडे लक्ष दे." मी आज्ञाधारक मुलगा. गणिताकडे इतके लक्ष दिले की त्यातून बँकेची नोकरी लागली, आणि २०१४ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, मी ब्रश हाती धरला नाही.

मास्तरांना काय बोलू? मी घाबरलो हे माझेच. पण पाहा, गाणे न येणाऱ्या माणसाला न्हाणीघरात गुणगुणायची मुभा असते. कोणी त्याला विशारद झालास का म्हणून विचारीत नाही. चित्राला मात्र परवाना लागतो! चार माणसांनी 'याच्या हातात कला आहे' असे ठरवल्याशिवाय मोठ्या माणसाने रंगाच्या पेटीला हात लावला, तर त्याचे काहीतरी बिनसले आहे असे लोक समजतात. मीही पहिली पेटी आणली तेव्हा दुकानदाराला "नातीसाठी हवी आहे" असे सांगितले होते. साठाव्या वर्षी खोटे बोललो, आणि तेही नात जन्मायच्या आधी!

आपल्या जुन्या माणसांची दृष्टी याहून मोकळी होती. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांची यादी पाहा. तिच्यात आलेख्य म्हणजे चित्रकला आहे, आणि त्याच यादीत तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या, सार आणि खाद्यपदार्थ करणेही आहे. एक दिवाणखान्यात टांगायची आणि दुसरी चुलीपाशी ठेवायची, असा भेद यादीत नाही. तो आपण केला.

आणि नाव होण्याची ज्यांना इतकी घाई आहे, त्यांनी सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' आठवावे. हातात दिवा घेतलेली, ज्योतीवर तळव्याची ओंजळ धरलेली ती बाई! बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड हळदणकरांनी निव्वळ जलरंगात पकडला आहे, आणि दिवा धरून उभी राहिली ती त्यांची स्वतःची कन्या. आज ते चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. घराघरांत त्याच्या छापील प्रती लागल्या, आणि कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचे म्हणून दाखवतात! इतक्या मोठ्या माणसाचे नावसुद्धा दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते; मग माझ्या ढोल्या गणपतीच्या चित्राचे 'काहीतरी' होऊन असे काय होणार आहे?

मला जे मिळते ते चित्र काढतानाच मिळून जाते, हे त्या पुतण्याला कसे सांगावे? कृष्णेच्या घाटाचा दगड काळा, असे मी जन्मभर समजत होतो. रंगवायला बसल्यावर कळले, की सकाळी सातला तो जांभळट असतो, नऊ वाजता करडा होतो, आणि पाऊस पडून गेल्यावर त्यात आकाश उतरते. तो करडा रंग पेटीत मिळत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि भाजक्या मातीचा तांबूस बर्न्ट सिएना एकत्र करून तो जमवावा लागतो. निळा थोडा चढला तर दगड थंड, तांबूस चढला तर उन्हात तापलेला. हे शोधून काढायला मला एक अख्खा पावसाळा लागला, आणि त्या पावसाळ्यासारखा दुसरा आठवत नाही.

स्वयंपाकाचेही तेच. चकलीची भाजणी करताना तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, कारण प्रत्येकीची वेळ निराळी. हरभऱ्याची डाळ झाली हे आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. धने तडतडायच्या आत उतरवायचे. हे पुस्तकात लिहिलेले असते, पण नाकाने वाचल्याशिवाय ते समजत नाही. जलरंग आणि स्वयंपाक ही तर मला सख्खी भावंडे वाटतात. दोन्हीकडे सगळा खेळ पाण्याच्या अंदाजाचा. मीठ मागाहून घालता येते, काढता येत नाही. जलरंगात गडद मागाहून चढवता येते, फिकट करायला गेले की कागद मळतो. ओल्या रंगावर चिमूटभर मीठ भुरभुरले, तर दाण्याभोवती रंग सरकून चांदण्यांसारखे ठिपके उमटतात. म्हणून आमच्या घरी मिठाचे सट हल्ली ओसरीवर सापडते. इतकेच काय, रंग ज्याने बांधतात तो डिंकही बाभळीच्या कुळातल्या झाडाचाच. तरी कृपा करून कोणी रंगाच्या वड्यांचे लाडू वळू नयेत.

आता खरा आक्षेप घेतो. तो पुतण्याचा नाही. आमच्या घरातलाच आहे.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी स्वयंपाकघरात शिरलो. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली निघाली. तिची एक प्रत हिच्या आईने लग्नात दिलेली, पानापानावर फोडणीचे शिंतोडे उडालेली. ती उघडून मी भरली वांगी केली. शेजारपाजारी वाटी गेली. तेव्हापासून ज्या त्या तोंडी एकच, "काय हौशी आहेत हो तुमचे मिस्टर!" मी फुगलो, १९६७ च्या तांब्यासारखाच. ही मात्र चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी रात्री ओटा घासता घासता म्हणाली,

"अहो, छंद तुमचा आणि खरकटं माझं, असं किती दिवस चालायचं?"

मी काही बोलणार तोच ती पुढे म्हणाली, "चौतीस वर्षं झाली. मला एकदा तरी कोणी हौशी म्हणालं का?"

बँकेतला माणूस, अंथरुणावर पडल्या पडल्या हिशेब केला. चौतीस वर्षे, दिवसाला दोन वेळचा स्वयंपाक: २४,८२० वेळा. माहेरपण, आजारपण वजा घातले तरी आकडा फारसा उतरत नाही. त्यात पाहुणे, श्राद्धपक्ष, मुलांचे डबे धरलेलेच नाहीत. मी एकदा वांगी केली तर ती कला, आणि तिने चोवीस हजार वेळा चूल पेटवली तर ते काम! 'घरचा स्वयंपाक हा केवढा आनंद' असे लेख लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांच्या लेखात भांडी कोणी घासली ते कधी आलेले नसते. जिला दुसरा मार्गच नव्हता तिला आनंद घे म्हणून सांगणे ही निव्वळ थट्टा आहे. 'पुरे झालं, आता मला यात काही गोडी राहिली नाही' असे एखादी म्हणाली, तर तिला हा लेख दाखवू नये.

आमच्यापुरती मी तोड काढली. सोमवार ते गुरुवार स्वयंपाकघर माझे: बाजारापासून ओटा पुसेपर्यंत, वांगी असोत की नुसता वरणभात. शुक्रवार ते रविवार तिचे. सुरुवातीला हाल झाले. लागोपाठ चार दिवस रोज स्वयंपाक केल्यावर माझ्यातला कलावंत बुधवारीच मान टाकी! मग साधी आमटी धड करण्यातही कसब आहे हे कळू लागले, आणि तेव्हापासून खरी गोडी लागली.

एका बुधवारी मी कणीक तिंबत होतो. ओसरीवरून हिची हाक आली, "अहो, यात पांढरा रंग कुठंय?" जाऊन पाहतो तो ही माझ्या पेटीसमोर बसलेली! मी सांगितले, "पांढरा लावायचा नसतो. जिथं पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडायचा." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे रांगोळीच्या उलट." मला हे इतक्या वर्षांत सुचले नव्हते. गेरूवर पांढरे ओढीत जन्म गेलेल्या बाईला ते पहिल्या दिवशी सुचले. आता बुधवारी दुपारी ओसरीवर तिची सत्ता असते. आणि गंमत अशी, की शुक्रवारच्या आमटीत ती आता चिंचेऐवजी अंबाडे घालून पाहते. पूर्वी कधी केले नाही. "बिघडलं तर घर उपाशी" हा धाक होता. आता बिघडले तर सोमवारी मी आहेच!

राहता राहिले दोन प्रकारचे लोक. पहिले, फराळ विकत आणणारे. त्यांच्याशी माझे भांडण नाही. दिवसभर कचेरीत राबून रात्री करंज्या भरा असे सांगणारा मी कोण? विकतचा फराळही कोणाच्या तरी हातचाच असतो, आणि त्या हातांना त्याचे पैसे मिळतात. भांडण आहे ते "हल्ली घरी कोण करतं!" असे नाक मुरडून विचारणाऱ्यांशी. त्यांना उत्तर: मी करतो.

दुसरे, यंत्रवाले. मे महिन्यात नात आली होती. तिने फोनला एक वाक्य सांगितले आणि अर्ध्या मिनिटात वाईच्या घाटाचे जलरंगातले चित्र माझ्यापुढे धरले. सुरेख होते. ओघळसुद्धा माझ्यापेक्षा बरे! फक्त ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत सपाट होती. १७६२ साली रास्त्यांनी ते देऊळ बांधले तेव्हा पुराचे पाणी दुभंगावे म्हणून ती माशाच्या आकाराची केली आहे. मी ही चूक दाखवून ऐट मिरवणार नाही. यंत्राला उद्या तेही येईल. मी नातीला इतकेच म्हणालो, "तुझं चित्र झालं, आता माझ्याबरोबर घाटावर चल." दोन तास बसली. तिचे देऊळ एका अंगाला कलले. पण पायऱ्या मोजताना तिला पाण्याखालची एक पायरी दिसली, आणि घरी येऊन तिने चित्राआधी त्या पायरीचीच गोष्ट सांगितली. कललेले देऊळ दोरीवर आहे. त्याचे काही करायचे नाही.

यंदा अनारसे केले. तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदलले, फडक्यावर पसरून ओलसर असतानाच कुटून चाळले, गूळ घालून पीठ मुरवले. सगळे शास्त्राप्रमाणे. तरी तुपात सोडल्यावर पहिले पाच हसले! ज्यांनी अनारसे केले आहेत त्यांना हे हसणे ठाऊक आहे. करणाऱ्याला त्या वेळी हसू येत नाही. सहाव्यापासून जाळी पडू लागली. ही शेजारी कागद घेऊन बसली होती. कढईतल्या तुपाचा पिवळा तिला हवा होता, आणि तो तिला मिळाला. माझ्याहून पुष्कळ चांगला मिळाला, हे इथे लिहून ठेवतो.

पाडव्याला पुतण्या येणारच. त्याच्यासाठी बरे उतरलेले अनारसे डब्यात वेगळे ठेवले आहेत. हसलेल्यांचा चुरा आम्ही दोघांनी त्याच रात्री दुधात कालवून संपवला.