बॉयलरची जाडी कोण ठरवणार?

तंत्रज्ञानाचे तत्त्वचिंतक अँड्र्यू फीनबर्ग हे मार्क्सवादी विचारवंत हर्बर्ट मार्कुझ यांचे सॅन दिएगोतले विद्यार्थी. आधुनिक तंत्रज्ञान म्हणजे सत्तेचेच एक रूप, असे गुरूंनी 1964 च्या ‘वन डायमेन्शनल मॅन’मध्ये बजावले होते. त्यांचा शिष्य संगणकाकडे पाठच फिरवणार, असे कुणालाही वाटले असते. पण 1982 मध्ये ला होया इथल्या वेस्टर्न बिहेवियरल सायन्सेस इन्स्टिट्यूटने संगणकावरून शिकवण्याचा एक अगदी सुरुवातीचा प्रयोग केला, तेव्हा तो उभारणाऱ्यांत फीनबर्ग होते. विद्यार्थी कोण, तर बड्या हुद्द्यांवरचे अधिकारी. मार्क्सवाद्याच्या नशिबी असाही वर्ग येतो! सगळी चर्चा फोनच्या तारेवरून, लिहून चालायची. शिक्षकाच्या मजकुराला उत्तर आले नाही, तर तो पटला, डोक्यावरून गेला की कुणी वाचलाच नाही, हे कळायला मार्ग नसे. त्यामुळे गप्प बसलेल्यांना बोलते करणे हेच शिक्षकाचे मुख्य काम होऊन बसले. पुढे याच तंत्राच्या आधारे शिक्षकच कमी करण्याचे बेत शिजू लागले. एकाच तंत्राच्या या दोन वाटा पाहिल्या, की फीनबर्ग यंत्र हवे की नको यापेक्षा त्याच्या घडणीवर का भांडतात, ते कळते.

घडण तर तज्ज्ञांनीच ठरवायची, लोकांना त्यातले काय कळते, हा आक्षेप ठरलेला. त्यावर फीनबर्ग अमेरिकेतल्या आगबोटींचे उदाहरण देतात. बॉयलर फुटून माणसे मरत होती, आणि मालक मात्र सरकारी ढवळाढवळ नको म्हणून अडून बसले होते. 1838 चा कायदा मिळमिळीत निघाला. 1852 च्या कायद्याने तपासणी आणि दाबाच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. बॉयलरच्या पत्र्याच्या जाडीचे गणित इंजिनिअरचेच होते, पण किती धोका चालवून घ्यायचा, हा निर्णय गणिताचा नव्हता. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: लोकांनी यंत्र वळवले, तरी फायदा कंपनीच लाटते. फ्रान्सच्या टेलिफोन खात्याने घरोघर मिनिटेल हे फोनला जोडलेले पडद्याचे यंत्र दिले ते माहितीसाठी, लोकांनी त्यावर गप्पांचे फड जमवले, आणि खात्याने मिनिटामिनिटाचे पैसे वसूल केले. फीनबर्ग म्हणतात, तरीही यंत्राचा अर्थ बदललाच. ते खरे आहे. पण वापर लोकांच्या हाती आला म्हणून मालकी येत नाही. फीनबर्ग यांच्या 2017 च्या ‘टेक्नोसिस्टिम’ या पुस्तकातही हा पेच मला पुरता सुटलेला दिसत नाही.