अलॉय व्हील: चमक की ताकद?

फुटपाथला घासून चाकाला ओरखडा पडला की दुकानदार लगेच डायमंड कट सुचवतो. दिसतं झकास, मान्य! पण त्यात लेथवर धातूचा थर खरवडतात, म्हणजे दर वेळी चाक थोडं झिजणारच. वरच्या क्लिअर कोटचा टवका उडाला की खाली गंजाच्या पांढऱ्या रेघा पसरतात (मुंबईच्या पावसात तर विचारूच नका).

पावडर कोटिंग दणकट, वाद नाही. मात्र ते साधारण १८०-२०० अंश सेल्सिअसला भाजतात आणि बऱ्याच चाकांना कारखान्यात ताकद येते ती १५०-१६० अंशांच्या आसपास. भट्टीत जास्त वेळ राहिलं तर ती उतरू शकते. म्हणून तापमान आणि वेळ विचारा. 'टेन्शन नका घेऊ साहेब' हे उत्तर आलं तर सरळ गाडी वळवा.

नुसत्या ओरखड्याला माझं मत साध्या रंगालाच. आणि धुताना ॲसिडवाला क्लीनर नको.